इंगळे सिस्टरचे सहा कप

"हे घ्या तुमचं चुंबक. अन् त्यानं काय करून ठिवलं तेही पाहून घ्या," असं म्हणत इंगळे सिस्टरनी माझ्या कारखान्यातल्या टेबलावर फडक्याची गाठ सोडली. आतून खापरं निघाली. निळ्या काठाचे चिनी मातीचे कप. सहापैकी चारांचा चुरा झाला होता.

मी खामगावात पंचवीस वर्षं फर्निचर करतो. डॉक्टरांचे बंगले म्हणा, जिनिंगवाल्या शेठांचे दिवाणखाने म्हणा, माझं काम सगळीकडं आहे. माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशीही फिरलं.

"सिस्टर, गाडी कशी चालवता तुमी, ते पाहा ना आधी!"

"गाडी रस्त्यावरूनच चालते, मिस्त्री. रस्ता काही मी बदलवू शकत नाई. कपाट तुमी बदलवा."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. काम होईपर्यंत उठायचं नाही, असं त्यांचं बसणं असायचं. अंगानं किरकोळ, पाठ ताठ, केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ आणि साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. पिंपळगाव राजाच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी सगळी नोकरी नर्स म्हणून काढली. लसीचा निळा डबा खांद्याला लावून पायी, बैलगाडीत, ट्रॅक्टरवर, मिळेल तसं फिरल्या. इंगळे हे आडनाव होतं, पण त्या पंचक्रोशीत नुसतं 'सिस्टर' म्हटलं तरी लोक त्यांचंच घर दाखवायचे.

रिटायर झाल्यावर बाई घरी बसून नातवाचे स्वेटर विणेल असं सगळ्यांना वाटलं. बाईनं एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. एकोणसाठाव्या वर्षी गाडी शिकल्या. ड्रायव्हिंग शिकवणारा म्हणाला, "या वयात कायले, काकू?" तर त्याला म्हणाल्या, "काऊन नाई?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. कोणी म्हणालं होणार नाही, की "काऊन नाई?" आरटीओच्या साहेबानं गाडीत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायला परवानगी मिळणार नाही म्हटलं, त्यालाही "काऊन नाई?" शेवटी साहेबाला नियमाचं पुस्तक काढावं लागलं, आणि पुस्तकात मार्ग निघाला.

मग ती गाडी माझ्याकडं आली. आत एक पलंग, एक ओटा, शेगडी आणि भिंतीला कपाटं. मी म्हटलं, त्यात काय मोठं? बंगल्यातली किचनं करतो मी. चकचकीत सनमायका लावला, दारांना चुंबकाचे कॅच बसवले, बोटानं ढकललं की टक् करून बंद. कपांसाठी पितळी हूक लावले, एका ओळीत. दिसायला असं झालं होतं की कारखान्यातली माणसं येऊन फोटो काढून गेली. आणि पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या पहिल्याच ब्रेकरवर दार उघडलं, हुकांवरचे कप झोके घेऊन एकमेकांवर आपटले. ती खापरं आता माझ्यासमोर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर गाडी घेऊन कारखान्याच्या दारात हजर.

"बसा मागं."

"कायले?"

"कपाटाची दारं उघडी ठिवा अन् समोर बसा. कोनतं भांडं कुठं जाते ते डोळ्यानं पाहा. मंग करवत धरा."

मी माणसांसमोर नाही कसं म्हणणार? बसलो. गाडी सुटली. पहिल्या वळणाला ताटं सरकत आली. ब्रेक लागला तसं कुकरचं झाकण माझ्या मांडीवर. चाळणी, पळी, झारा, एकेक जण खाली उतरत होता. मग एक खड्डा आला आणि वरच्या फळीवरचं लाटणं सरळ माझ्या कपाळावर.

"काय गेलं?" पुढून आवाज.

"लाटनं!"

"कोनीकडं गेलं?"

"माह्या डोक्यावर गेलं!"

"तसं नाई हो, दिशा सांगा. पुढं गेलं का मांगं?"

मी कपाळ धरून दिशा सांगितली. आठवडाभर ते टेंगूळ मिरवत होतो आणि माझ्या कारखान्यातले कारागीर माझ्याकडं बघून तोंड फिरवून हसत होते. पण त्या एका फेरीत मला जे कळलं ते पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. मी आयुष्यभर लेव्हल लावून फळी ठोकली. घरात ते बरोबर, कारण घर उभं असतं. चालत्या गाडीत लेव्हलची फळी म्हणजे भांड्यांना घसरगुंडी. सिस्टर म्हणाल्या, फळी भिंतीकडं दोन बोटं झुकवा. माझ्या हातानं मी पहिल्यांदा मुद्दाम वाकडी फळी ठोकली तेव्हा मला अक्षरशः कसंतरी झालं.

लसीच्या डब्यावर त्यांचं सगळं शिक्षण झालेलं. काचेच्या बाटल्या, बर्फ, आणि बैलगाडीचा रस्ता. एक बाटली फुटली तर एखाद्या गावाची पोरं तशीच राहायची. "वस्तू हलते म्हनून फुटत नाई, मिस्त्री," त्या सांगायच्या, "दुसरीवर आपटते म्हनून फुटते. प्रत्येकीले तिची जागा द्या. पन लय जागा देऊ नका."

मग त्यांच्या सांगण्याप्रमाणं सगळं नव्यानं केलं. कुकर, तवा, खलबत्ता सगळ्यात खाली. हलकं ते वर. प्रत्येक फळीला पुढून तीन बोटं उंच पट्टी. चुंबकं उपटून काढली आणि प्रत्येक दाराला वर एक, खाली एक अशा लोखंडी कड्या. मला त्या फार कुरूप वाटल्या, पण करतो काय. तेलाच्या बाटल्यांना त्यांनी मुलाचे शाळेतले मोजे घातले. डब्यांच्या झाकणांवर सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या. ताटांच्या मध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे.

आणि कपांसाठी पेटी. सहा खण, प्रत्येक खणाला आतून रुईची बारीक गादी. कापसाच्या खामगावात रुईला काय तोटा? सिस्टरनी बाजारातल्या गादीवाल्याकडून वीतभर गाद्या शिवून घेतल्या. तो म्हणाला, "बाई, भावलीच्या गाद्या करून राह्यल्या काय?" त्या म्हणाल्या, "पाव्हन्याइच्या." नवे चार कप जुन्या दोनांशी जुळेनात, म्हणून सगळे सहा नवे आणले. पेटीत भरले, वरून दप्तराचा जुना पट्टा बकलानं आवळला. आणि मला कळायच्या आत पेटी उचलून माझ्या सिमेंटच्या जमिनीवर उलटी धरली आणि गदागदा हलवली. मी डोळे मिटले. काहीच आवाज आला नाही.

"आता झालं," त्या म्हणाल्या. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून माझ्या कामाला मिळालेली ही एवढीच पावती.

सिस्टर चुकत नव्हत्या असं समजू नका. चुकायच्या, आणि चुकल्या की मोठ्यानं चुकायच्या. वरच्या एका खणाला मी कडी लावत होतो तर म्हणाल्या, "तिथं मसाल्याचे डबे हायेत, ते कुठं पयून जातात? राहू द्या." मी म्हटलं, राहू द्या तर राहू द्या. मग त्यांच्या नणंदेला घेऊन आम्ही देऊळगाव राजाला निघालो. गाडी नीट चालते का बघायची आणि नणंदेला बालाजीचं दर्शन. चिखलीच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. गाडी थरथरत होती, आणि त्या थरथरीनं तिखटाच्या डब्याचं झाकण हळूहळू फिरत गेलं. मग एका दणक्यात दार उघडलं, आणि ताजं दळून आणलेलं दोन किलो तिखट पंख्याच्या वाऱ्यात उडालं.

अरे बापा! सिस्टरनी कशीबशी गाडी बाजूला घेतली. आम्ही तिघं खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसून नुसते रडत होतो. डोळे उघडत नाहीत, नाकं गळताहेत, नणंद तर हुंदकेच द्यायला लागली. एवढ्यात एक म्हातारबा सायकलवरून उतरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "कोन गेलं, बाई?"

सिस्टरना बोलताच येईना. त्यांनी नुसतं गाडीकडं बोट दाखवलं.

म्हातारबा दबकत गाडीच्या दारात गेले, आत डोकं घातलं, आणि लगेच सात-आठ शिंका देत परत आले आणि आमच्याच शेजारी बसले. त्यांच्याही डोळ्यांतून धारा. मागून मोटारसायकलवर एक जोडपं आलं, त्यांनी चौघांना रडताना पाहिलं आणि तेही थांबले. शेवटी सिस्टरना हसू फुटलं. त्या अशा हसल्या की रडणं कोणतं आणि हसणं कोणतं तेच कळेना. घरी आल्यावर म्हणाल्या, "मिस्त्री, त्या खनाले कडी लावा. माही चूक." चूक कबूल करतानाही पाठ ताठच.

एवढं सगळं करायचं, पण कप मात्र चिनी मातीचेच पाहिजेत, हा हट्ट मला कळत नव्हता. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. एकदा माझ्या कारखान्यातच त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मम्मी, स्टीलचे घे ना. नाहीतर प्लॅस्टिकचे. फुटायचा प्रश्नच नाही. आणि त्या गावांत फिरायचं डोक्यातून काढ. जुनं कशाला उकरायचं?"

"मी उकरून नाई राह्यली. चहा पाजून राह्यली," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी आपलं त्यांना डिवचायला म्हटलं, "पोरगा बराबर बोलून राह्यला, सिस्टर. स्टील काय वाईट हाये?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली. मग बोलल्या ते माझ्याकडं बघतच बोलल्या.

"नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट हाये. गावात जा, लस टोचा, बायंतीन पाहा. मंग घरची बाई चहा करे. काही घरी मले मांडीले मांडी लावून जेवाले बसवलं, ते मी इसरत नाई. पन सात-आठ घरं असे होते, त्याइच्या भायेरच्या कोनाड्यात एक कप राहे. कान तुटलेला. तो माह्यासाठी. चहा पिवा, आपन धुवा, आपनच कोनाड्यात ठिवा. त्याच घरचे लेकरं या हातात जन्मले, मिस्त्री. लेकराले हात लावलेला चाले, कपाले नाई."

मी हातातला रंधा खाली ठेवला.

"आता माह्यं सैपाकघर चाकावर हाये. त्याच गावाइत नेऊन उभं करनार. सगळ्याइले चहा, सगळ्याइले सारखाच कप, कान असलेला. अन् सहातला एक रस्त्यात फुटला त सहाव्या मानसाले स्टीलचा पेला द्या लागन. मंग तो बाजूले पडला ना! माह्या घरी कोनी बाजूले पडनार नाई. म्हनून सहाच्या सहा पोचले पायजे. समजलं काय, काऊन तुमच्या मांगं लागली मी ते?"

समजलं. त्यापेक्षा जास्त समजलं. पिंपळगाव राजाच्या पलीकडं माझं गाव आहे, आणि त्या सात-आठ घरांत आमचं घर होतं. ओसरीच्या बाहेरचा कोनाडा मला आठवतो. त्यातल्या कपाला हात लावला म्हणून एकदा मायनं मला आंघोळ घातली होती, तेही आठवतं. मला फार लाज वाटली. कुठं बघावं ते कळेना.

"सिस्टर," मी म्हटलं, "माह्यं गाव..."

"माहीत हाये. तुमाले पोलिओचा डोस म्याच पाजला. लय थुकले होते तुमी."

"पह्यल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हाव."

"मंग माह्याचकडं काऊन आल्या?"

"काम चांगलं करता म्हनून. दुसरं काय?"

त्या गेल्यावर मी ती पेटी परत उघडली. एका खणाची कड मला अर्ध्या सुतानं कमी वाटत होती. कोणाला दिसली नसती. मी ती सगळी पेटी पुन्हा केली.

थंडी सरता सरता त्या निघाल्या. कुठल्या गावात काय झालं ते त्या रोज फोनवर सांगायच्या, थोडक्यात, रिपोर्ट दिल्यासारखं. एका गावात सरपंचीणबाईंनी चहा घेऊन वर पोहे करून आणले. एका गावात नव्या सुना आल्या, सेल्फी काढून गेल्या, त्यांना त्या कोनाड्यांचं काही माहीतच नव्हतं. एका गावात एक म्हातारे गृहस्थ "मले शुगर हाये" म्हणून उठून गेले. सिस्टरनी मागून हाक मारली, "बिनसाखरेचा करतो, बसा!" ते बसले नाहीत. "कप?" मी दर वेळी विचारायचो. "सहा," त्या म्हणायच्या.

आमच्या गावाची पाळी आली तेव्हा मी आदल्या दिवशीच जाऊन बसलो. मायला सांगितलं, सिस्टर येऊन राह्यल्या. माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची, लहान भावाकडं असते. तिनं नुसतं विचारलं, "कायले?" मी सगळं सांगितलं. कोनाड्याचंही सांगितलं. ती तूर निवडत बसली. ती येईल की नाही हे मला रात्रीपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

सकाळी दहाला गाडी शाळेजवळच्या लिंबाखाली लागली. गावात शिरायच्या आधीचा नाल्याचा रस्ता म्हणजे नुसते दगड आहेत, त्यामुळं मी धावतच गाडीत चढलो. सिस्टरनी वरची कडी काढली, खालची काढली, बकल सोडलं. सहा कप. मी तिथंच ओट्याला टेकून उभा राहिलो.

सतरंजी अंथरली. पाच बाया येऊन बसल्या. जागा एक उरली होती. मग काठी टेकत माय आली. कोणाशी न बोलता त्या जागेवर बसली.

सिस्टरनी पहिला कप मायच्या हातात दिला. "घ्या, काकू."

तिनं कपाकडं पाहिलं, सिस्टरकडं पाहिलं. "बशी नाई काय?" माय म्हणाली.

"हाये ना."

मायनं चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायली. एकदा बशी रिकामी झाली, मग दुसऱ्यांदा. बाकीच्या बाया बोलत होत्या, कोणाच्या बाळंतपणात सिस्टर रात्रभर कशा बसल्या होत्या, कोणाचा पोरगा आता एमपीएससी करतो. सिस्टर सगळ्यांची नावं घेऊन विचारत होत्या.

चहा झाला तशी माय उठली. तिनं आपला कप घेतला, मग एकेकीच्या हातातून बाकीचे घेतले, आणि गाडीच्या पायरीजवळच्या बादलीपाशी जाऊन उकिडवी बसली. तिचे गुडघे गेले आहेत. मी पुढं झालो, "माय, ठिव, मी धुतो."

सिस्टरनी हात आडवा केला. "मिस्त्री, तुमी बसा."

मला वाटलं, आता सिस्टर म्हणतील, अहो काकू, राहू द्या. कोणीही म्हणालं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि एकेक कप धुतला जाताना बघत राहिल्या. मायनं सहावा कप धुवून पालथा घातला. सिस्टरनी वाकून एकेक कप उजेडात धरून पाहिला. एक परत दिला.

"याची कड राह्यली, काकू."

मायनं तो परत घेतला, पुन्हा घासला, पुन्हा विसळला. वर बघून म्हणाली, "लय वर्सं तूच धुतला."

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "अन् कोनाड्यातही मीच ठिवला."

त्यांनी कप पुसले, पेटीत ठेवले, बकल आवळलं, दोन्ही कड्या लावल्या. "येतो, काकू. गुडघ्याले तेल लावत जा," म्हणाल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. मान वळवली नाही. त्यानंतर त्या आल्या नाहीत माझ्याकडं. फोन येतो, कधी कोकणातून, कधी कर्नाटकातून. पण मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं, आरशातलं अर्धं तोंड आणि स्टिअरिंगवरचं ते मोठं घड्याळ.

गाडी नाल्याच्या दगडांवरून डुलत गेली. माय आणि मी लिंबाखाली उभे होतो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत माय तिकडंच बघत होती.

"माफ केलं असन काय रे तिनं मले?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "मले नाई वाटत, माय," मी म्हणालो.

मायनं पदराला ओले हात पुसले. "बराबर हाये तिचं," ती म्हणाली आणि काठी घेऊन घराकडं निघाली.